भैरवीच्या बकऱ्या

सावनेर,
२४ मे, रविवार

चि. सौ. भैरवीस अनेक आशीर्वाद.

तुझ्या बाबांचा गुडघा आता कसा आहे? विहीणबाईंना माझा नमस्कार सांग. इथे ऊन असं आहे की सकाळीच अंगणात पाय ठेववत नाही. कूलरमध्ये पाणी ओतता ओतता दिवस जातो. माझ्या डोळ्याचं ऑपरेशन नागपूरला धंतोलीत झालं, ते नीट झालं. आता मला सुईत दोरा ओवता येतो. स्वयंपाकघराच्या कोपऱ्यात एवढी जळमटं होती हेही आत्ताच दिसलं. तू होतीस तेव्हा तू काढत असशील.

फोन न करता पत्र लिहिते आहे, त्याला कारण आहे. फोनवर माझ्या अश्विनचं नाव निघालं की तू नुसतं हं म्हणतेस, आणि मग मीही भलतंच बोलायला लागते. परवा तू सरळ विचारलंस, "आई, परवानगीचं काय झालं?" आणि मी तुला लोणच्याच्या कैऱ्या किती आंबट निघाल्या ते सांगत बसले. म्हणून लिहिते. तुमच्या सौंसरच्या गाडीचा कंडक्टर ओळखीचा आहे, त्याच्या हाती देईन.

तर परवानगीचं. ती रद्द झाली आहे. तुझ्या बकऱ्या इतक्यात राज्याची सीमा ओलांडून इकडे येऊ शकणार नाहीत.

एवढंच लिहून पत्र मिटावं असं वाटलं होतं. उठले. भांडी घासली. घासलेल्या पितळी गुंडावरून पुन्हा हात फिरवला. परत येऊन बसले आहे.

तू गेलीस तेव्हा मी तुला अडवलं नव्हतं. तुझ्या बाबांनी लग्नात दिलेल्या बकऱ्या तू पोटच्या पोरांसारख्या वाढवल्या, आणि तू बाजाराला गेलेली असताना अश्विननं त्यांतली दोन पिल्लं विकून टाकली. विचारलंसुद्धा नाही. तू बाकीच्या सगळ्या गाडीत घातल्या आणि जाताना म्हणालीस, "आई, आता मी येईन तर ह्यांच्यासोबत येईन, आणि ह्यांना कोणी हात लावणार नाही असं असेल तेव्हा येईन." मला तेव्हा ते रागाचं बोलणं वाटलं होतं. नंतर तुमच्याकडे बकऱ्यांमध्ये रोग पसरला, नाक्यावर जनावरांच्या गाड्या परत पाठवायला लागले, आणि तुझं ते बोलणं तसंच अडकून राहिलं.

माणसांना बंदी नव्हती, ग. तू एकटी येऊ शकत होतीस. मी ते तुला एकदाही म्हटलं नाही. तू का येत नाहीस ते मला कळत होतं.

मग होळीनंतर अश्विन बदलला. नागपूरला मिहानमधल्या कामावरून सुट्टीला आला की आधी तुझंच विचारायचा. "भैरवीशी बोलली का? बकऱ्या बऱ्या आहेत का?" तुला फोन करायला लागला, तू दोनदा घेतलासही. मला वाटलं, पोरगा सुधरला. आईला असं वाटायला फार काही लागत नाही.

मी स्वतः नाक्यावर गेले. तिथे रितिका मॅडम म्हणून गुरांच्या डॉक्टर आहेत, तुझ्याच वयाच्या. टिनाच्या शेडमध्ये बसतात, समोर फवाऱ्याचा पंप. मला वाटलं होतं हाकलून देतील. त्यांनी पाणी दिलं आणि विचारलं, "आजी, विकायला आणायच्या आहेत का?"

"नाही वं बाई," मी म्हटलं. "सुनेच्या होत. त्या आल्या तर सून येईन."

त्यांनी मला सगळं समजावून सांगितलं. जनावरांना लस पाहिजे, कानात बिल्ला पाहिजे, तुमच्याकडच्या डॉक्टरचा दाखला पाहिजे, आणि इकडे आल्यावर वेगळ्या गोठ्यात, दुसऱ्या कोणाच्या बकऱ्यांचं तोंड लागणार नाही असं ठेवायचं. तू लस आणि बिल्ल्याचं किती धावपळीनं केलंस ते तुला ठाऊकच आहे. इकडे मी मागच्या बाजूला गोठा बांधला. खाली मुरूम टाकला, वर पत्रे, पाण्याचं टाकं वेगळं. शेजारच्या कांताबाईनं माझ्याबरोबर माती वाहिली. रितिका मॅडम येऊन बघून गेल्या आणि परवानगी दिली. मी तुला तेव्हाच सांगणार होते, पण म्हटलं आधी डोळा करून घेऊ. तू आलीस की तुला नीट पाहता येईल.

ऑपरेशन करून मी बसनं परत आले. डोळ्यावर हिरवी पट्टी, दुसऱ्या डोळ्यानं धुरकट दिसत होतं. फाटक उघडलं आणि मागच्या गोठ्यातून बकऱ्यांचा आवाज आला.

भैरवी, मी तुला हाक मारली. अंगणात उभी राहून मोठ्यानं हाक मारली. हातातली पिशवी तिथेच टाकली आणि भिंतीला धरत धरत मागे गेले. मला वाटलं, पोरीनं मला सांगितलं नाही, अचानक आली. चहा ठेवायचा का आधी जेवायला वाढायचं, एवढ्या पावलांत मी तेही ठरवलं होतं.

गोठ्यात दुसऱ्याच बकऱ्या होत्या. दाटीवाटीनं कोंबलेल्या. एकीच्या कानाला हात लावून पाहिला, बिल्ला नव्हता. दुसरीच्या नाकाला शेंबूड होता, तो माझ्या हाताला लागला.

अश्विन मागून आला. "तू काहून उन्हात आली? डोळ्याले आराम दे."

"ह्या कोणाच्या होत?"

"एका व्यापाऱ्याच्या. उद्या नागपूरले नेतो. ईदले भाव आहे, इकडे माल येऊनच नाही राहिला ना."

"नाक्यावरून आल्या का?"

"तू काहून पोलिसासारखी विचारून राहिली? जंगलाच्या वाटेनं आणल्या. सगळेच आणतात."

मी म्हटलं, आत्ताच्या आत्ता काढ. तो म्हणाला, गाडी उद्याच येईन. मी आत जाऊन आडवी झाले. मी रितिका मॅडमना फोन करू शकले असते. नंबर भिंतीवर लिहिला होता. डोळा दुखत होता हे खरं, पण बोट नंबर फिरवू शकलं असतं. सकाळी बकऱ्या गेल्या आणि मला बरं वाटलं की गेल्या.

त्याच दुपारी कांताबाई माझा डोळा पाहायला आली. तिच्या बकऱ्या तिच्या मागे कुठेही येतात, तशा आल्या, आणि गोठ्यात उरलेला पाला खाऊन गेल्या. मला आत पडल्या पडल्या कळलंसुद्धा नाही.

पुढच्या आठवड्यात ती दारात उभी राहिली. "सिंधू, माह्या बकऱ्या काही खाऊनच नाही राहिल्या वं." तिच्या सहा बकऱ्या. आधी ताप, मग तोंडं आली, मग हगवण. चार गेल्या. खड्डा खणून, चुना टाकून पुरल्या. कांताबाईचं घर त्या दुधावर आणि पिल्लांवर चालतं, तुला सांगायला नको.

रितिका मॅडम आल्या, गाव गोळा झालं. त्यांनी विचारलं, "ह्या भागात आजवर रोग नव्हता. बाहेरून कोणाकडे जनावर आलं होतं का?"

अर्ध्या गावानं ती गाडी पाहिली होती. कोणी माझ्याकडे बघेना, म्हणजे माझ्यासाठीच गप्प होते. अश्विन सुट्टीवर आलेला, कडुलिंबाखाली मोबाइल बघत उभा. कांताबाई खाली बसलेली, पदर तोंडाशी. मी मनात म्हणत होते, कोणीतरी बोला. मग मलाच माझा आवाज ऐकू आला.

"माह्या गोठ्यात आल्या होत्या. माह्या पोरानं आणल्या."

मॅडमनी एकदा माझ्याकडे पाहिलं, आणि मग त्या अश्विनशी बोलायला लागल्या. त्याच्यावर नोटीस निघाली आहे, व्यापाऱ्याचा शोध चालू आहे. गोठ्याला फवारा मारून कुलूप लावलं. परवानगी तिथेच रद्द झाली. जाताना त्या म्हणाल्या, "आजी, सुनेला सांगा, तिच्या बकऱ्या तिकडेच सुरक्षित आहेत." आजवर रोग तुमच्याकडे होता आणि आम्ही तुमच्या जनावरांना इकडे येऊ देत नव्हतो. आता रोग माझ्या घराच्या भिंतीला लागून आहे.

इथपर्यंत लिहिलं आणि पुन्हा उठले. टाक्यापर्यंत जाऊन आले. आता जे उरलं आहे ते लिहिलं नाही तर ह्या पत्राला काही अर्थ नाही.

घरात आल्यावर अश्विन माझ्यावर ओरडला. "सोताच्या पोराचं नाव सांगाले तुले काही वाटलं नाही?" मी म्हटलं, वाटलं. तो म्हणाला, "भैरवीच्या बकऱ्या टाइमवर आल्या असत्या तर मले हे करायची पाळीच आली नसती. त्या व्यापाऱ्याले मी त्याच देणार होतो. सौदा झाला होता."

मला आधी कळलंच नाही. मी विचारलं, "भैरवीच्या?"

"मंग काय पूजा करायची होती का त्याह्यची?"

ते फोन, ती विचारपूस, बकऱ्या बऱ्या आहेत का, सगळं त्यासाठी होतं, पोरी. आणि मी नाक्यावर जाऊन सांगत होते की विकायला नाहीत, सुनेच्या आहेत. गोठाही मीच बांधून ठेवला होता.

तो त्याच दुपारी निघून गेला. मिहानकडच्या खोलीवर असेल. फोन बंद आहे. मी रोज लावते. आला तर मी दार उघडीन, जेवायला वाढीन. मला दुसरं काही जमणार नाही. पण त्याच्यासाठी तुला ये म्हणणार नाही. ते आजपासून संपलं. बंदी उठली, रोग गेला, नाका उघडला, तरी त्याच्या सांगण्यावरून बकऱ्या घेऊन निघू नकोस. तुझं म्हणणं रागातलं नव्हतं. मला उशिरा कळलं.

कांताबाई काल भिंतीपलीकडून म्हणाली, "तू बोलली म्हणून उरलेल्या दोघीले लस भेटली." तेवढंच. आमच्या अंगणात अजून आली नाही. मी तिला बोलावलंही नाही. कोणत्या तोंडानं बोलावू?

मला दुपारी झोप येत नाही. बसवत नाही. डोळा चांगला झाला म्हणून सगळे विचारतात आणि मी हो म्हणते. दिसतं सगळं. रस्त्यावरून सौंसरची गाडी गेली की मी फाटकाशी जाते, तू त्यात नसणार हे माहीत असून जाते.

त्याला सोडचिठ्ठी द्यायची असेल तर दे. तुझ्या बाबांना संकोच वाटत असेल तर मी येऊन त्यांच्याशी बोलेन. मला नाक्यावर कोणी अडवणार नाही.

तुला ये म्हणता येत नाही आणि तुझ्याशिवाय घरात करमत नाही, अशी

तुझी आई,
सिंधू