मामाच्या हातचा मध

आये, तुला जाऊन नऊ वर्षं होत आली. एवढ्या वर्षांत मी तुझ्याशी मनातल्या मनात पुष्कळ बोललो, पण इकडचं तिकडचंच. बाजारात तुझ्या जागेवर आता कोण बसतं, खाडीत मासळी कशी राहिली नाही, माझे ट्रेलर किती झाले, असलं. जे बोलायला हवं होतं त्याच्या अलीकडून मी गाडी नेहमी वळवून घेतली. आज वळवत नाही. जो दोष डोक्यावर घेऊन तू गेलीस तो माझा होता. तुझ्या नातवाला तो मध मी चाटवला. हे तुला माहीत होतं, मला माहीत आहे, आणि तिसऱ्या माणसाला अजूनपर्यंत माहीत नाही.

माझे कान तिखट, हे गावभर तूच सांगायचीस. "याच्यासमोर कुजबुजू नका गं, याला टोपलीतल्या कोलंबीचं बोलनं पन ऐकू येतं." खरंच होतं ते. कंटेनर यार्डाबाहेर चहाच्या टपरीवर मी क्लीनर म्हणून उभा असायचो तेव्हा कारकून आपसांत काय बोलतात, कुठलं जहाज लागलंय, कुणाचा माल कधी सुटणार, हे मला दोन बाकडी सोडूनही ऐकू यायचं. त्या कानांवर मी माणूस झालो, स्वतःचे ट्रेलर घेतले. म्हणून त्या दिवशी मला ऐकू आलं नाही असं मी कुठल्याही देवासमोर म्हणू शकत नाही. पनवेलच्या त्या नर्सिंग होममध्ये सिस्टर बाहेर पॅसेजमध्ये दुसरीला म्हणाली, "नळी पोटात जात नाही गं, मध्येच अडकते. लहान मुलांचे डॉक्टर येईपर्यंत तोंडानं काही नाही." मग आत येऊन आपल्यालाही तेच बजावून गेली. मी दोन्ही वेळा ऐकलं.

ताई सिझरच्या गुंगीत पडली होती. पहिलं बाळंतपण, रिवाजाप्रमाणे माहेरी आलेली. बाळ पाळण्यात, टॉवेलात गुंडाळलेलं, आणि तू त्याच्यावर वाकून बसलेली. तू पदरानं त्याचे ओठ पुसतेस, तोंडातून परत बारीक फेस येतो, तू परत पुसतेस. मी मोबाईलवर ताईच्या सासूशी बोलतोय. ती जासईहून निघालेली, रिक्षातून ओरडून सांगतेय, "पयला मध मामाचेच हातचा व्हायला पायजे हां! पोर मामासारखं निपजलं पायजे!" पहिला मध ज्याच्या हातचा, त्याचे गुण पोराला लागतात, हे मला तूच लहानपणी सांगितलेलं. माझ्याबद्दल एवढं कुणी बोललं की मी आतून फुगायचो, आये. शाळा आठवीत सुटलेला मी, आणि ही जमीनजुमल्यातली बाई म्हणतेय की नातू याच्यासारखा होऊ दे. शिवाय माझे ट्रेलर त्यांच्याच मोकळ्या जागेत उभे राहायचे, हेही डोक्यात नव्हतं असं नाही.

तू मान वर करून म्हणालीस, "फोन ठेव आधी. याचं तोंड बग. पुसला का परत फेस. असली दोन पोरं मी बगितलीत गावात, त्यांच्या नरड्याखाली पानी उतरत नव्हता. दोन्ही गेली. तू काय घालू नको तोंडात, मी शिस्टरला आनते." आणि तू लगबगीनं बाहेर गेलीस. तुझ्या कापडी पिशवीत मधाची बाटली होती, व्याह्यांनीच आणायला सांगितलेली. मी ती काढली. वाटलं, टेकवण्यापुरता मध, त्यानं काय होतंय. ताईच्या सासूबाई येतील तेव्हा सांगता येईल की झालं, तुमचं मन राखलं. बोटातली अंगठी मधात बुडवली आणि पोराच्या ओठांवर टेकवली. त्यानं जीभ काढली. मला हसू आलं, म्हटलं बघ, खातोय की. म्हणून परत बुडवली. एकदा नाही, दोनदा.

मग पोराला ठसका लागला, पण आवाज आला नाही. तोंड उघडं आणि आवाज नाही. ओठ निळे पडले. तू आणि सिस्टर दारात आलात तेव्हा मी बाटली तुझ्या पिशवीत टाकली होती. मुद्दाम टाकली की घाबरून, हे मी स्वतःला हजारदा विचारलंय. उत्तर मला आवडत नाही म्हणून मी दर वेळी परत विचारतो. सिस्टरनं पोर उचललं, धावली, कुठूनतरी मशीनचा खर्र आवाज सुरू झाला. पाच-सात मिनिटांनी ती परत आली, हातातल्या कापसाला मधाचा चिकटा. "कोणी दिलं हे? आजी, तुम्ही?" तू माझ्या अंगठीकडे बघितलंस. मी हात पाठीमागे नेला. मी तोंड उघडलं होतं, आये, हे खरं. पण मी पहिला शब्द शोधतोय तोवर तू म्हणालीस, "मी दिला. चुकला माजा."

इथवर कुणी म्हणेल, आईनं पोटच्या पोरासाठी केलं, त्यात नवल काय. नवल पुढं आहे. व्याही-विहीण जिना चढून आले, सिस्टरनं त्यांना झालेलं सांगितलं, ताईची सासू कपाळाला हात लावून भिंतीला टेकली. सगळे तुझ्याकडे बघायला लागले आणि मग त्यातले दोन डोळे माझ्याकडे वळल्यासारखे वाटले. तेवढ्यात मी ओरडलो. "आये, तुला सांगितलं होतं ना सिस्टर नको म्हणते म्हणून! तुझं ते जुनं घेऊन बसतेस!" कुणी मला विचारलं नव्हतं. नुसता गप्प बसलो असतो तरी भागलं असतं. तू माझ्याकडे बघितलंसुद्धा नाहीस. खाली वाकून पिशवीचं तोंड बांधत राहिलीस.

मुंबईच्या लहान मुलांच्या इस्पितळात सर्जनबाईंनी कागदावर दोन नळ्या काढून दाखवल्या. अन्नाची नळी वरून येते आणि मध्येच बंद, पिशवीसारखी. तिचा खालचा तुकडा श्वासाच्या नळीला जोडलेला. "हे गर्भातच असं घडतं, यात कुणाची चूक नाही. आल्याआल्या ऑपरेशन केलं की बहुतेक पोरं चांगली होतात. पण याच्या छातीत मध उतरलाय. फुफ्फुस साफ झाल्याशिवाय मला हात लावता येत नाही." सहा दिवस ते एवढंसं पोर मशीनच्या श्वासावर. मग उजव्या खांद्याच्या पात्याखालून छाती उघडून त्यांनी श्वासनळीचं भोक बंद केलं आणि अन्ननळीची दोन टोकं शिवली. शिवलेलं एकदा पाझरलं, छातीत नळी घालून आणखी तीन आठवडे गेले. त्या दिवसांत बाईंनी एकदा तुला समोर उभं केलं. आवाज चढवला नाही, त्यानं जास्त लागलं. "आजी, तुम्ही गावातली बाळंतपणं करायचात म्हणे. फेस दिसत असताना मध कसा दिलात तुम्ही?" पनवेलला तो फेस ओळखणारी पहिली बाई तू होतीस, डॉक्टरांच्याही आधी. आणि तू हात जोडून म्हणालीस, "मती गेली होती, बाय." मी शेजारी, इस्त्रीचा शर्ट घालून, मान हलवत उभा. जणू काय करणार, म्हातारं माणूस.

परत येताना गाडीत आपण दोघंच होतो तेव्हा मी विचारलं, का बोललीस असं. तू खिडकीबाहेर बघत होतीस. म्हणालीस, "तू चार लोकांत बसतोस. त्या लोकांच्यात तुजी बहीन नांदते. मी काय, बाजारात बसते. माज्या टोपलीला कोन विचारतंय?" मी म्हटलं, पोर बरं झालं की मी सांगेन सगळ्यांना. तू म्हणालीस, "सांग हां." थट्टेनं नाही म्हणालीस. तू खरंच धरून चाललीस की मी सांगेन.

टोपलीला कोण विचारणार, हा तुझा हिशोब चुकला. सहा-आठ महिन्यांनी मी तुला घ्यायला बाजारात आलो होतो. बर्फाच्या लाद्यांच्या आड होतो, तुला दिसलो नाही. शेजारणीशी तुझं गिऱ्हाइकावरून वाजलं होतं. रोजचंच. तू तिला म्हणालीस, "अगो, तुजी सुरमई कालपासून डोले मिटून परलीय, तिला आधी उठव." सगळ्या हसल्या. आणि ती म्हणाली, "मासली तरी कालची! तू तं कालचे पोराला मध पाजून मारायला निंगालीवतीस!" हसू जागच्या जागी थांबलं. तुझ्याकडे नेहमी दुप्पट उत्तर तयार असायचं. मी कान लावून उभा राहिलो. तू कोयता घेऊन मासा कापायला लागलीस. मी तिथूनच मागं फिरलो, गाडीत बसलो, आणि पंधरा मिनिटांनी आत्ता आल्यासारखा हॉर्न वाजवला.

गावात नव्या बाळंतिणींच्या पोरांना न्हाऊ घालायला तुलाच बोलावत. पायांवर पोर घेतलंस की ते रडायचं थांबायचं. ते बोलावणं बंद झालं. कुणी तोंडावर नको म्हटलं नाही, नुसतं दुसरीला बोलावलं. तू मला म्हणालीस, "बरा झाला, गुडघे दुकतात माजे." ताईनं तर पोर तुझ्या मांडीवर दिलं, पण त्याच्या तोंडापर्यंत तुझा हात कधी जाऊ दिला नाही. त्याची शिवलेली जागा आकसायची, घास अडकायचा, मग भूल देऊन ती नळी रुंद करायला न्यायचं. असं नऊ वेळा नेलं. दर वेळी ताई म्हणायची, "आईमुळे." सर्जनबाईंनी एकदा स्वच्छ सांगितलं होतं की असं आकसणं या पोरांत बऱ्याचदा होतंच, मध दिला नसता तरी झालं असतं. ताई तेव्हा रडत होती, तिला ऐकू गेलं नसेल. मला गेलं. तिला ते मी परत सांगितलं नाही, कारण मधाची गोष्ट निघाली की ती कुठवर जाईल कुणी सांगावं.

तू शेवटची आजारी होतीस तेव्हा ती त्याला घेऊन आली. पाच वर्षांचा होता. दाराच्या चौकटीला टेकून उभा. तू विचारलंस, "जेवलास का रं? सगला खातोस?" तो म्हणाला, "हो. चावून चावून." तू हसलीस. उशीखालून बिस्किटाचा पुडा काढलास, एक बिस्किट काढून हातात धरलंस आणि ताईकडे बघितलंस. ताईनं नजर खाली नेली. तू ते बिस्किट परत पुड्यात घातलंस, पुड्याचा कागद नीट मुडपलास आणि तो उशीखाली ठेवलास. मी खाटेच्या पायथ्याशी होतो. सांगायला तेवढा वेळ पुरला असता. एक वाक्य होतं. मी म्हणालो, चहा कोण घेणार?

तुझा नातू आता चौदा वर्षांचा आहे. उंच झालाय, माझ्या कानांपर्यंत येतो. कबड्डी खेळतो, भाकरी पाण्याच्या घोटाबरोबर खातो. फक्त खोकला आला की पत्र्याचा रिकामा डबा वाजल्यासारखा वाजतो. श्वासनळी जन्मापासून मऊ, खोकला तसाच राहणार म्हणतात. लग्नाच्या मांडवात हजार माणसं असू दे, बँजो वाजत असू दे, तो खोकला मला ऐकू येतो.

मागच्या रविवारी ताईनं मला तळोज्याच्या नव्या घरी जेवायला बोलावलं. ठरवून गेलो होतो की आज सांगायचं. जिना चढताना वाक्यही जुळवलं होतं. बाहेरच्या खोलीत बघतो तर तुझा फोटो. त्या घरात तुझा फोटो कधीच नव्हता. ताई हात पुसत आली, म्हणाली, "काल लावला रे. लई वर्षं मनात धरून बसले होते. आता पोर बघते, हसतो-खेळतो, म्हटलं किती दिवस? ती बिचारी अडाणी बाई, तिला काय कळत होतं? मी माफ केलं तिला." आणि माझ्याकडे बघत उभी राहिली, मी काहीतरी बोलावं म्हणून.

मी म्हणालो, "बरं केलंस."

आणि आये, तेवढ्यावर थांबलो असतो तर निदान भित्रा म्हणवून घेतलं असतं. पण मला बरं वाटलं. तिनं तुला माफ केलं आणि माझ्या छातीवरचं ओझं उतरलं. दोनदा मटण मागून घेतलं मी त्या दिवशी. घरी आल्यावर मग ते ध्यानात आलं, आणि तेव्हापासून जेवण गोड लागत नाही, म्हणून हे लिहायला बसलो.

खरं तर हे पत्र ताईला जायला हवं. वर तिचं नाव घालून मी दोन वेळा सुरुवातही केली होती. पण तिला वाचता येतं. तुला येत नव्हतं, म्हणून तुला लिहिलं.