कानबाईला मागितलं ते

मंगळवार, ४ ऑगस्ट
पाहुण्यांच्या आधी शेजारची कमल आली. गल्लीत मोटार वळताना दिसली आणि ही बाई पिठाच्या हातानंच ओट्यावर हजर. "काकू, पगडीवाला कोन शे वं?" म्हटलं, माझ्या नातवाबरोबर, प्रशांतबरोबर फौजेत विमान चालवायचा तो जस्सी, आणि ती त्याची बायको. इंदूरहून सुरतेला चाललेत, वाटेत लोणखेडा लागतं म्हणून. कमल चहा पिऊनच हलली.

जस्सीनं कळण्याच्या चार भाकरी खाल्ल्या. ठेच्यानं डोळ्यांत पाणी, तरी "और दो, दादी." नातू किती महिन्यांनी हसला. माझंच पोट भरलं.

मग जेवता जेवता जस्सी बोलून गेला. पहाडात एकदा उतरताना विमान जोरात आपटलं, प्रशांतची पाठदुखी तेव्हापासूनची. डॉक्टरांना सांगितलंच नाही, तसाच उडवत राहिला. प्रशांतनं त्याला डोळे दाखवले. मी ताक ओतत होते, पेला भरून ताटात सांडलं.

कधी आपटलं ते विचारायचं होतं. सगळ्यांपुढे कसं…

गुरुवार, ६ ऑगस्ट
पोरगं सकाळपासून पुस्तकात. डिस्पॅचरची परीक्षा, २० तारखेला, पुण्यात. मला समजलं ते असं, हा माणूस जमिनीवर बसतो. वारा, ढग, तेल, वाट सगळं बघतो. मग तो आणि कॅप्टन दोघांनी सही केली तरच विमान निघतं. म्हटलं, म्हणजे मोठाच साहेब. तर म्हणे, "साहेब नही आजी. दुसरा उडतस, आपन देखतस."
एवढं बोलून पान उलटलं. म्हशीला चारा घालायचा राहिला होता, गेले उठून.

शनिवार, ८ ऑगस्ट
आज मला खाटेवर बसवलं. "आते तू कॅप्टन शेस. मी सांगस, तू इचार." म्हटलं, माले तं सायकल बी येत नही. तरी बसले. चौथीपर्यंतच शिकले, पण सही चांगली येते माझी.
सुरतेचं हवामान वाचलं. ढग खाली, पाऊस, नंतर उघडेल असा अंदाज. विचारतो, "कॅप्टन, काही शंका?"
"ढग शेतस ना? मंग नको जाऊ. मी सही करत नही."
पोरगं हसलं. म्हणे हे चालतं, दोघांतला कोणीही नाही म्हणू शकतो. फक्त शंका असली तर तोंडावर सांगायची, मनात ठेवून सही करायची नाही. पुस्तकातच आहे तसं.

तेव्हाही मी नकोच म्हटलं होतं. पण त्याला नाही, देवीला.

सोमवार, १० ऑगस्ट
लिहूनच टाकते. गेल्या श्रावणात कानबाई बसली, घरातल्या एकेका पुरुषाच्या नावानं देवीच्या नैवेद्याच्या रोटासाठी सव्वा सव्वा मूठ गहू काढला. प्रशांतची मूठ दरवर्षी तो नसतानाच काढायची. हात थांबला माझा. म्हटलं, "माय, मन्हा नातूले खाले उतार. परत वर जाऊ दिऊ नको. तुले साडीचोळी करसू."
दिवाळीत पाठीपायी डॉक्टरांनी त्याचं उडणं बंद केलं. शिमग्याला फौज सोडून घरी आला. मी गल्लीभर पेढे वाटले. तो बॅग हातात धरून ओट्याखाली उभा, मी त्याच्याच तोंडात पेढा कोंबला. खाल्लाही बिचाऱ्यानं.
हिरवी साडी तेव्हाच आणली. पेटीत आहे. तो शेजारी उभा असताना कोणत्या तोंडानं देवीला नेसवू?

जुनी वही काढली. मी म्हैस व्याली तेही लिहिते, नवसाची तारीख आहेच. आपटणं त्याच्या आधीचं असेल तर देवीही सुटली, मीही. नंतरचं असेल तर…
दुपारी सहज विचारल्यासारखं विचारलं, पाठ कवयपासून दुखस रे? "सोड ना आजी." खालच्या आवाजात. परत नाही विचारलं.

बुधवार, १२ ऑगस्ट
अमावस्या. दिवे घासले. सून म्हणे, एवढे का घासता, झिजतील.
आकाशात विमान गेलं, अगदी वरून. प्रशांत अंगणात कपडे वाळत घालत होता. मान वर केली, आवाज संपेपर्यंत हातात ओली चादर तशीच. मग म्हणाला, "सुरतकडे उतरी ऱ्हायना तो." मी म्हटलं, बस, तुझी परीक्षा घेते. कॅप्टन होऊन बसले. शेवटी त्यानं विचारलं, काही शंका?
होती. तोंडापर्यंत आली होती. म्हटलं, नाही. आणि सही केली.

संध्याकाळी जस्सीचा फोन. ह्याची परीक्षा होऊ दे म्हणे, मग परततो, दादीच्या हातची भाकर पक्की. त्याला एकट्याला मागच्या दारी नेऊन विमान आपटल्याचा महिना विचारणार. का आधी प्रशांतलाच सगळं सांगू…
यायचं रविवारी, २३ ला, म्हणाला. त्याच दिवशी कानबाई बसते.