इस्साखारचा अर्धा आशीर्वाद

बाबा, तुम्हाला जाऊन तीस वर्षं होऊन गेली. मी चौथीपर्यंत शिकलेली, तरी लिहायला बसले, कारण हे विचारायला दुसरं कोणी उरलेलं नाही. सध्या मी आखातात, अजमानला लेकाकडे आहे. एसी दिवसभर घरघरतो, खिडकी कोणी उघडू देत नाही, आणि मला भीती वाटते.

तुम्ही धर्मशिक्षणाचे मास्तर. वसईच्या अंगणात काठीने बायबलातल्या याकोबाच्या बारा मुलांच्या जमिनी आखायचात, आणि कोंबड्या एका मुलाच्या देशातून दुसऱ्याच्या देशात फिरायच्या. त्यातल्या इस्साखारची जमीन दाखवताना तुमचा आवाज बदलायचा. डोंगरांमधलं सपाट रान, कसदार माती, आपल्या केळीच्या वाडीसारखं. मरताना याकोब त्याला म्हणाला, तू बळकट गाढव; विसावा गोड आहे, देश सुंदर आहे हे बघून ओझ्याला खांदा देशील आणि दुसऱ्यांचा वेठबिगार होशील. मी विचारलं, हा आशीर्वाद की शिवी? तुम्ही म्हणालात, जमीन चांगली असली की माणूस हलत नाही, मग त्याच्याकडून काहीही करून घेता येतं. याकोबाला मुलगीही होती, तिला काय दिलं, असंही मी विचारलं होतं. तेव्हा तुम्ही मला कोंबड्या हाकायला पाठवलंत.

घरातल्या थोरल्याने पोराच्या डोक्यावर हात ठेवून त्या बारातला एक आशीर्वाद द्यायचा, ही रीत तुमचीच. शेवटच्या दुखण्यात खाटेवरून तुम्ही माझ्या लेकाला इस्साखार दिलात. सात वर्षांचा होता, अंगाने दांडगा. बळकट गाढव म्हणालात, तो हसला. देश सुंदर म्हणालात, आणि थांबलात. वेठबिगारीचं बोललाच नाहीत. दम संपला की दया आली, ते मला कळलं नाही.

आता तो बंदरावरच्या गोदामात माल चढवतो-उतरवतो. पासपोर्ट मालकाच्या कपाटात. पाठ अशी झालीय की सरळ उभा राहून कपडे घालता येत नाहीत. सून ऑफिसात आहे, तिच्या पगारावर घर मिळालं म्हणून सगळे एकत्र राहतात तरी. आल्यापासून मी मागे लागलेय, घरी चल. तो म्हणतो, "आई, इकडे बरं आहे गं. रस्ते बघ, दिवे बघ, पोराची शाळा बघ." सुनेला सांगितलं, हा याकोबासारखा बोलतोय, तर ती म्हणाली, मम्मी, तुम्ही उन्हात गेला होता का?

गेल्या शुक्रवारी दुबईतल्या ऊद मेथाच्या चर्चमध्ये नातवाचं पहिलं कम्युनियन झालं, पहिल्यांदा ख्रिस्तप्रसाद घेतला त्याने. आदल्या संध्याकाळी मी मटणाचं वाटण करत होते, तेव्हा लेक स्वयंपाकघरात आला. म्हणाला, उद्या पोराला माझाच आशीर्वाद दे, तोही इथेच मोठा होणार आहे. मी मिक्सर बंद केला. म्हटलं, त्याच्या पुढचं तुला ठाऊक नाही.

"ठाऊक आहे. इकडे आल्यावर वाचलं."

"मग मूर्खा, पोराला तेच कशाला?"

तो ओट्याला टेकला. टेकतानाही तोंड वाकडं झालं. "आजोबा थांबले तिथेच तूही थांब. पुढचं मी भागवतोय ना."

मी पुन्हा मिक्सर चालू केला.

चर्चमधून आल्यावर नातू पांढऱ्या सुटात हॉलमध्ये गुडघे टेकून बसला. मी हात ठेवला. बळकट म्हटलं, विसावा म्हटलं, देश सुंदर म्हटलं. सून फोटो काढत होती. लेक माझ्या तोंडाकडे बघत होता. पोराने मान वर केली. "दॅट्स ऑल, आजी?"

"खलास," मी म्हटलं. "ऊठ, जेवायला बस."

हे मी कुठे टाकणार नाही, टाकायला पत्ताही नाही. फक्त एवढं सांगते. माझा दम शाबूत होता, आणि दयाही नव्हती. भीतीने जीभ उचलली नाही. तुमचंही तसंच झालं होतं का, ते नकाच सांगू.