चूलबंद आवतण

सर, परवा माझा नातू केळ्यावर नापास झाला. हसू नका, खरं सांगतेय. इथे जळगावात एक नवी शाळा निघाली आहे, काचेच्या दारांची, आत पाऊल टाकलं की थंडगार. तिथे बालवर्गात घ्यायच्या आधी मुलाची मुलाखत घेतात, आणि मुलाचं उरकलं की आईबापाची. बाईंनी त्याला गोड आवाजात विचारलं, "केळं कुठल्या रंगाचं असतं, बाळा?" आमचं ध्यान म्हणालं, "हिरवं." आता त्याचं काय चुकलं, तुम्हीच सांगा. त्याच्या आईच्या माहेरी केळीचा मळा आहे. त्याने केळी पाहिली ती ट्रकमध्ये चढताना, घडच्या घड, हिरवीगार; आणि खायला हातात येतं ते सोललेलं. बाईंनी कागदावर फुली मारली. सूनबाई रडवेली झाली, मुलगा म्हणाला दुसरी शाळा बघू, आणि माझं डोकं असं सणकलं की अजून निवलेलं नाही, म्हणून आज तुम्हाला लिहायला बसले. तुम्हाला जाऊन किती वर्षं झाली. पण या विषयावर तावातावाने बोलावं असं दुसरं माणूस माझ्याकडे उरलेलं नाही.

तुमच्या शाळेत मी आले ती ऐंशी सालानंतरची वर्षं. रविवारी सकाळी सगळं गाव एकाच टीव्हीसमोर बसायचं, तो काळ. दोंडाईच्याला गाडीतून उतरायचं, पुढे एस.टी., आणि एस.टी. रुसली तर मिळेल त्या बैलगाडीत. मी जळगावात वाढलेली, नुकती बी.एड. झालेली, इस्त्रीची साडी नेसून तुमच्यासमोर उभी. पहिल्याच आठवड्यात एक बाप पोरीला घेऊन आला आणि मी ऐटीत विचारलं, "सातवीत किती मार्क?" पोरगी बापाच्या मागे लपली. तुम्ही तिथे काही बोलला नाहीत. तो माणूस गेल्यावर मात्र टोपी काढून टेबलावर ठेवलीत, म्हणजे आता ऐकून घ्यावं लागणार हे मला पुढे कळलं. म्हणालात, "बाई, पोर उन्हातून आलंय. आधी नाव विचारा, मग पाणी विचारा. मार्क काय, ते आपल्याकडे येऊन पडतीलच की." मला इतका राग आला होता! मनात म्हटलं, या खेड्यात हे असंच चालायचं.

आणि मग मे महिना उजाडला. लोकांना वाटतं मास्तरांना उन्हाळ्याची सुट्टी असते. कसली सुट्टी? आम्ही सगळे गावोगाव फिरून पोरं गोळा करायचो. आठवीची दुसरी तुकडी भरली तर सगळ्यात शेवटी लागलेली मी टिकणार, नाही भरली तर मी 'अतिरिक्त'. सरकारी कागदावर किती सभ्य दिसतो तो शब्द! त्याचा अर्थ होता, सामान बांधा आणि घरी जा. घरी अण्णांनी जामनेरचं एक स्थळ तयारच ठेवलं होतं. अडतीचं दुकान, पोटभर शेती, आणि मुलीने नोकरी करायची नाही ही अट. त्यामुळे बाकीचे शिक्षक शाळेसाठी फिरत होते आणि मी स्वतःच्या जिवासाठी. समोर होती शहरातली मोठी शाळा. तिची जीप यायची, भोंगा लावून. परीक्षा घेऊन निवडक पोरं घेणार म्हणून सांगायची, आणि लोक त्या परीक्षेला पोरं घेऊन पळायचे. जे गळतील ते आपल्याकडे. मी एकदा तुम्हाला म्हटलंही, "सर, आपल्याला नेहमी चाळणीवर राहिलेलंच मिळतं." तुम्ही म्हणालात, "आपल्याकडे चाळणीच नाही बाई. त्यामुळे आपल्याला ते दिसतच नाही."

तुमची पोरं मिळवायची तऱ्हा तर काय सांगावी! कोणाच्याही ओसरीवर खाटेवर टेकायचं, म्हशीची चौकशी करायची, कपाशीला काय भाव मिळाला विचारायचं, दोन वेळा चहा प्यायचा, आणि शाळेचा विषय निघाला की आपल्याच शाळेचे दोष सांगायचे. पंखे नाहीत. गणिताचे सर तापट आहेत. हिवाळ्यात वारा फिरला की वाळत घातलेल्या मिरच्यांचा ठसका वर्गात येतो आणि सगळा वर्ग शिंकतो. मी शेजारी बसून पदराचं टोक चावत असायची. माझी नोकरी माझ्या डोळ्यांदेखत बुडत होती आणि बुडवणारा माणूस मुख्याध्यापक! शेवटी मी म्हटलं, सर, असं दारोदार फिरून काही होणार नाही. लोकांनाच शाळेत बोलवू. घरातल्या सगळ्यांना, बायकांनाही. पोरीला आठवीत घालायचं की नाही, हे शेवटी चुलीपाशीच ठरतं ना? तुम्हाला हे पटलं. म्हणालात, "बोलवा. नानांना सांगा."

नाना म्हणजे आपले शिपाई. गावात कोणाकडेही लग्न असो, घराघरात जाऊन आवतण द्यायचं काम त्यांचंच. मी त्यांना नीट समजावून सांगितलं, गुरुवारी सकाळी शाळेत यायचं, शाळा बघायची. त्यांनी विचारलं, "बठ्ठा घरले सांगानं का ताई?" मला अहिराणी समजायला लागली या आनंदात मी म्हटलं, "हो नाना, बठ्ठा! म्हाताऱ्या माणसांना, तान्ह्या पोरांना, सगळ्यांना." "मंग ठीक शे," म्हणून नाना टोपी घालून निघाले. आता इथे सगळी मेख आहे. घरटी एका माणसाला बोलावणं वेगळं, आणि घरातल्या झाडून सगळ्यांना बोलावणं वेगळं. सगळ्यांना म्हणजे चूलबंद. त्या दिवशी घरात चूल पेटवायची नाही, सगळं घर पंगतीला. आख्ख्या घराला बोलवायचं आणि उपाशी धाडायचं, असलं आवतण नानांनी जन्मात दिलं नव्हतं. त्यांनी दिलं ते रीतीप्रमाणे दिलं.

गुरुवार. मी पहाटे उठून रांगोळी घातलीय, प्रयोगशाळेतला बरणीतला बेडूक पुसून दर्शनी जागी ठेवलाय, मुलींचं स्वागतगीत तयार आहे. आणि सर, लोक येताहेत! गल्लीगल्लीतून रांगा लागल्यात. बायका, सुना, काखेत पोरं, काठी टेकत म्हातारे. प्रत्येकाच्या हातात ताट आणि तांब्या. तांब्या मला कळला, उन्हाळ्याचे दिवस, पाणी लागणारच. ताटांचं जरा नवल वाटलं, पण म्हटलं, ताटं वाजवून स्वागत करायची इथली काही रीत असेल. मी आनंदाने नुसती तरंगत होते. तेवढ्यात एक म्हातारी आजी नातीचा हात धरून पुढे आली, नाक वर करून हवा हुंगली आणि म्हणाली, "बाई, जाळ कोठे शे? बट्ट्यास्ना वास येत नही."

मी तुमच्याकडे धावत आले. तुम्ही नानांकडे बघितलंत. नाना शांतपणे म्हणाले, "सर, ताईंनी बठ्ठा घर सांगं. मी चूलबंद सांगी उनू." तुम्ही टोपी काढलीत. मी डोळे मिटले. आणि तुम्ही हसायला लागलात, इतके हसलात की झेंड्याच्या खांबाला धरून उभं राहावं लागलं. मग हसू आवरलंत आणि हळू आवाजात म्हणालात, "बाई, आता यांना परत पाठवलं तर संपलं. जेवायला बोलावून उपाशी घालवलं, त्यांच्याकडे पोर कोण देईल?" माझ्या डोळ्यांपुढे जामनेरचं अडतीचं दुकान उभं राहिलं. मी रडायलाच लागले. तुम्ही म्हणालात, "रडू नका. कणीक मळता येते?" मी म्हटलं, "नाही." "मग रडा," म्हणालात आणि पायरीवर जाऊन उभे राहिलात.

खोटं काहीतरी सांगाल असं मला वाटलं होतं. तुम्ही सरळ सांगितलंत, "मंडळी, आवतण चूलबंद गेलं आणि चूल आमचीच थंड आहे. चूक आमची. पण इथे एवढे हात आहेत. सगळ्यांनी मनावर घेतलं तर उन्हं कलायच्या आत पंगत बसते." मग किराणा दुकानवाले शेठजी घाम पुसत पुढे आले. "सर, माझ्याबी घरी चूल बंद आहे. आता मी काय गल्ल्यावर बसून गूळ खाऊ? चला, डाळ आणि कणीक माझी. फक्त आमच्या घरचं वरण लसणाशिवाय वेगळं काढा." एवढं झाल्यावर मग काय विचारता! कोणी मळ्यातून वांगी आणली, कोणी गोवऱ्या, कोणी घरातली तुपाची बरणी. कवायतीच्या मैदानात गोवऱ्यांचा जाळ पेटला. चित्रकलेच्या टेबलावर बायकांनी कणीक तिंबली आणि निखाऱ्यात भाजायला बट्ट्यांचे गोळे वळले. विज्ञानाच्या सरांनी प्रयोगशाळेतले चिमटे आणले आणि निखाऱ्यातल्या बट्ट्या इतक्या गंभीर चेहऱ्याने उलटवल्या की दोन पोरं त्यांच्याभोवती वह्या घेऊन उभी राहिली. मीही एक बट्टी वळली. ती फुटली, आणि बायका माझ्याकडे बघून पोट धरून हसल्या.

बट्ट्या भाजायला वेळ लागतो, आणि भुकेला माणूस पंगत सोडून कुठे जाणार? तेवढ्यात तुम्ही सगळ्या गावाला शाळा दाखवलीत. वर्गावर्गात नेऊन तेच तुमचे दोष. इथे गळतं. हा फळा पुसला जात नाही. हे गणिताचे सर, ते आज चिमटा शोधताहेत म्हणून गोड दिसताहेत. बायका आयुष्यात पहिल्यांदा बाकावर बसल्या आणि उठायलाच तयार होईनात. माझा बेडूक बघून एकीने तोंडाला पदर लावला, "जेवणना दिनले हाई काय दाखाडी राहिनात!" म्हणून ओरडली. मी निमूट बेडूक कपाटात ठेवला.

पंगत व्हरांड्यात बसली. तुम्ही कमरेला पंचा बांधून वरणाची बादली घेऊन वाढताय, मी मागून तूप. तीच आजी ताटावरून मान वर करून विचारते, "सर, तुम्ही आठवीले परीक्षा लेतस का?" शेजारी नात खाली मान घालून बसलेली. मोठ्या शाळेच्या परीक्षेत ती गळाली होती, आणि आता बास झालं शिक्षण, असं घरात ठरलेलं होतं. तुम्ही बादली खाली ठेवलीत. "आजी, पंगतीला बसलात तेव्हा तुम्हाला कोणी पाढे विचारले का?" "नही." "मग पोरीलाही नाही विचारणार." आजी काही सोडणारी नव्हती. "जिले काहीच येत नही, तिले बी लेतस?" "तिला तर आग्रहाने वाढायचं. पोट भरलेल्याला वाढण्यात काय मजा, आजी? आमच्या शाळेचं आवतण चूलबंदच आहे. घरातलं झाडून सगळं पोर पाठवा." सगळा व्हरांडा ऐकत होता. मीही ऐकत होते, हातात तुपाचं भांडं तसंच धरून. सर, तुमच्याबद्दल मला जे वाटलं ते त्या वेळी बोलता आलं नाही, म्हणून आज लिहिते. मला वाटलं, हा माणूस जिथे असेल तिथेच आपण नोकरी करायची.

आजीने विचार केला आणि म्हणाली, "मंग माले बी ल्या." पंगत हसून हसून वेडी झाली. तुम्ही मात्र हसला नाहीत. म्हणालात, "पटावर नाही घेता येणार. पण रोज येऊन बसा, कोण अडवतंय?" आणि ती आली हो! जून लागल्यावर नातीचं बोट धरून यायची, माझ्या वर्गात मागच्या बाकावर मांडी घालून बसायची. पुढे बीजगणित सुरू झालं तेव्हा ताडकन उठली. "जठे आकडा पाहिजे तठे अक्षर कसाले?" म्हणाली आणि निघून गेली, ती पुन्हा आली नाही. नात राहिली. तुकडी भरली. शेठजींनी दोन्ही मुली आपल्याकडे घातल्या. जामनेरला अण्णांनी कसंबसं तोंड वाचवलं, आणि मी त्याच शाळेतून निवृत्त झाले. संस्थेच्या अध्यक्षांनी तुम्हाला खडसावून विचारलं होतं, शाळेत गावजेवण कोणाच्या परवानगीने घातलं? मी दाराबाहेर उभी होते. तुम्ही माझं नाव घेतलं नाहीत, नानांचंही नाही. "मला बट्टी खावीशी वाटली, साहेब," एवढंच म्हणालात.

परवा त्या काचेच्या दारात उभी असताना मला हे सगळं आठवत होतं. त्या बाईंना काहीतरी सुनवावं असं फार वाटलं, पण बाई माझ्या सुनेहूनही लहान, तिला तरी काय बोलायचं? चपला घातल्या आणि रिक्षा केली. हा कागद पाठवायचा कुठे, हा प्रश्नच नाही, आणि पत्ता नाही हे बरंच आहे. कारण सर, त्या मुलाखतीसाठी नातवाला मीच घोकवत होते. रोज सकाळी दूध पाजताना, केळं पिवळं, टोमॅटो लाल. तो माझ्याकडे बघायचा आणि म्हणायचा, "आजी, ट्रकमध्ये हिरवं असतं." मी म्हणायची, "असू दे. तू पिवळं म्हण." तिथे जाऊन त्याने हिरवंच म्हटलं. सून रडत होती, मी तिच्या पाठीवर हात फिरवत होते, आणि मनातून मला इतका आनंद झाला होता की तोंड रिक्षाबाहेर काढून बसावं लागलं. हे सुनेला कळता कामा नये.