अंगणातून जाणारी शर्यत

२ नोव्हेंबर
जेसीबी आला, म्हणजे बातमी खरी. परदेशी सायकलवाले आमच्या दारावरून जाणार! बेळगावातून सुटून जांबोटी रस्त्यानं कणकुंबीपर्यंत. कॉलेजच्या ऑफिसात आज दुसरं बोलणं नव्हतं. फी भरायला आलेली पोरंसुद्धा "मॅडम, तुमच्याच गावावरनं ना?" विचारत होती आणि मी, शर्यत मीच ठेवल्यासारखी, हसत होते.

संजय फौंड्रीतून आला तो आधी जेसीबी बघायला गेला, चहा नंतर. आणि सासूबाई! आत्तींनी दारात पाटच टाकलाय. "लगीनघर आसल्यागत वाटाय लागलंय गं," म्हणाल्या. आमच्या लग्नात एवढ्या खुशीत नव्हत्या.

७ नोव्हेंबर
अंगण गेलं. सकाळी होतं, कॉलेजातून आले तर नाही. रस्ता रुंद करायचा म्हणजे दोन्ही बाजूंनी घेणार, हे कळत होतं. पण आमच्या बाजूनं पार पायरीपर्यंत. पायरी उतरली की खडी.

इंजिनीअर कन्नडमधून सांगत होता, मी आत्तींना मराठीत. अंगण पहिल्यापासून रस्त्याच्याच हद्दीत होतं म्हणे.

"मग चाळीस वर्सं मी सरकारचं अंगण सारवलं म्हण की."

हे काही मी त्याला कन्नडमध्ये सांगितलं नाही. तो "आयतु अम्मा", झालं म्हणून पुढच्या घराकडे गेला. तुळशीचं वृंदावन संजयनं गल्लीतले तिघं बोलावून स्लॅबवर चढवलं.

१५ नोव्हेंबर
डांबर पडलं! काय रस्ता, काय रस्ता. स्कूटीवर पोटातलं पाणी हलत नाही. इतकी वर्षं ज्या खड्ड्यांना मी नावानिशी ओळखत होते ते सगळे गेले.

आणि बेळगाव तर ओळखू येईना. दुभाजकांना रंग, किल्ल्याच्या भिंतीवर दिवे, चौकाचौकात सायकलींची चित्रं. रस्त्यात ठाण मांडून बसणारी गुरं कुठं नेली देव जाणे. कुंद्याच्या डब्यावरसुद्धा सायकल आलीय. लॉजमध्ये खोली मिळत नाही, कॉलेजच्या पाहुण्यांना निपाणीला उतरवलं शेवटी. भजीचे गाडे मात्र मागच्या गल्लीत हाकलले. आमचा भजीवाला म्हणाला, "शर्यत झाली की येतो बघा परत." त्याची पण हौस कमी नाही, गाड्यावर झेंडे लावलेत.

आत्तींनी आज पहाटे डांबरावरच सडा घातला आणि रांगोळी काढली. उजाडायच्या आत उसाच्या ट्रॅक्टरनं पुसली. उद्या परत काढणार. "काळ्यावर पांढरं लई उठून दिसतंय," म्हणाल्या.

२२ नोव्हेंबर
तुळशीचं लग्न स्लॅबवर. वर वारा फार, अंतरपाट धरवेना. पण बाया जमल्या होत्या तेवढ्यात मोठा बेत शिजला. शर्यतीदिवशी वेशीपासून शाळेपर्यंत, सगळा रस्ताभर रांगोळी! प्रत्येकीनं आपापल्या दारासमोरची काढायची, मधला भाग सगळ्यांनी मिळून. पुढारीण अर्थात आत्ती. रंग कुठले, ठिपक्यांची की गालिचा, यावर दोघींचं भांडणही झालं. मी चहा देत होते आणि मनातल्या मनात नाचत होते.

२९ नोव्हेंबर
माझी निवड झाली! शर्यतीला रस्त्यावर उभी राहणारी माणसं हवीत म्हणून खेळाच्या सरांनी ऑफिसातून नावं मागितली होती. शिट्टी, पिवळा झेंडा, टी-शर्ट. आणि जागा कुठली, तर आमच्याच गावातलं वळण. तिथून घराची पायरी दिसते. सं. म्हणतो, "आता घरात पण शिट्टी मारणार म्हणजे."

कधी काय जिंकले नाही आयुष्यात. टी-शर्ट घालून आरशासमोर उभी राहिले होते, आत्तींनी पाहिलं. पाहून न पाहिल्यासारखं केलं, बरं झालं.

६ डिसेंबर
ट्रेनिंग. पुण्याहून आलेले एक शिकवणारे, हिंदीतून बोलत होते. पडद्यावर एक पडापडी दाखवली. एक जण घसरला आणि मागचे सगळे त्याच्यावर. रस्त्यावर काही म्हणजे काही नको, असं बजावलं. वाळू नको, पाणी नको, गवताची काडी नको.

मी हात वर केला. "सर, रांगोळी?"

हॉल हसला. ते हसले नाहीत. टायर बोटाएवढं असतं, म्हणाले, आणि रांगोळी म्हणजे दगडाची पूड. सरळ रस्त्यावर धोका, वळणावर तर विचारूच नका.

माझं तर वळणच. येताना स्कूटीवर हाच विचार, की आता आत्तींना कोण सांगणार. कोण म्हणजे काय, मीच.

७ डिसेंबर
सांगितलं. व्हायचं तेच झालं.

"पाव्हणं दारावरनं जाणार आणि दार भुंडं ठिऊ?"

"आत्ती, ते पडतील."

"रांगोळीवर पडून आजवर कोण मेलंय?"

मी टायरचं सांगितलं, दगडाच्या पुडीचं सांगितलं. ऐकतात कुठं. शेवटी म्हणाल्या, "आंगण नेलासा, आता रांगोळी बी नेताय."

नेताय! मला. जेसीबी जसा मीच चालवत होते. राग आला, आणि मग रडूही आलं. न्हाणीघरात जाऊन रडले. त्यांचं चुकलं असंही म्हणवत नाही. सरकारी असो का कुणाचं असो, त्या जागेवर रोज हात त्यांचाच फिरत होता.

१० डिसेंबर
नळावर गेले की बाया गप्प. आज एक म्हणालीच, "सरका गं, शिट्टीवाल्या बाईंना पाणी भरू द्या." बाकीच्या फिदीफिदी. मी घागर अर्धीच भरून आले.

सं. म्हणतो, नाव काढून घे. का काढू? एवढी मोठी गोष्ट गावात पुन्हा कधी येणार आहे? नाही काढणार. पण शर्यतीदिवशी त्यांनी रांगोळी काढलीच तर मी काय करायचं? आत्तींच्या रांगोळीवर खराटा मारायचा? सगळ्या गावादेखत?

१३ डिसेंबर
दुपारी आत्ती आपणहून आल्या. "ते पडापडीचं हाय व्हय तुझ्या फोनात? दाव."

दाखवलं. चष्मा लावून पाहिलं. परत लावायला सांगितलं. पहिला जो घसरतो त्याच्यावर बोट ठेवून विचारतात, "ह्यो कुणाचा गं?"

"काय माहीत. परदेशातला कोणतरी."

"त्येची आई बघत आसंल न्हवं टीव्हीवर?"

मी म्हटलं, असेल. मग पदर खोचून बाहेर गेल्या. दिवे लागायच्या वेळी शेजारीण सांगून गेली, आत्ती घरोघरी जाऊन आल्या म्हणून. रांगोळी पायरीवर काढायची, रस्त्यावर चिमूट पडायला नको, आणि पडली तर गाठ आपल्याशी. मला मात्र एक अक्षर नाही. रात्री ताटात भाकरीवर लोणी जास्त होतं, एवढंच.

१९ डिसेंबर
उद्या! उद्या!! येळ्ळूरहून माझा भाऊ बायकापोरांसकट मुक्कामाला आलाय, घरात पाय ठेवायला जागा नाही. बाया खराटे घेऊन रस्ता झाडतायत. भाताच्या गाड्या गेल्या की काड्या पडतात, की लगेच वेचतायत. कोणी सांगितलं नव्हतं. नळावरची ती पण होती. म्हणाली, "बघा बाई, चाललंय न्हवं?" चाललंय म्हटलं.

आत्तींनी ठेवणीतलं इरकल काढून ठेवलंय. झोप काही येणार नाही.

२० डिसेंबर, रविवार


सकाळपासून वळणावर. रस्ता असा लख्ख की पंगत बसवावी. पायरीपायरीवर रांगोळ्या, खाली डांबर कोरडं. स्लॅब माणसांनी वाकलेले, शाळेचं लेझीम, कोण मराठीत ओरडतंय कोण कन्नडमध्ये. आधी पोलीस, मग मोटारसायकली, मग आलेच! आग्यामोहोळ उठल्यासारखा आवाज, रंगच रंग, वारा अंगावर आला आणि गेले. मी शिट्टी मारायची विसरले. शेजारची म्हातारी म्हणते, "झालं? एवढ्यासाठी आंगण नेलं व्हय?" सगळे हसले. मी पण हसले, डोळ्यांत पाणी का आलं कळलं नाही.

मागून एकटाच एक आला. पुढचं चाक बसलेलं. हात वर करून थांबला तो नेमका आमच्या पायरीसमोर. कोवळा पोरगा, कोपर सोललेलं, मागं आपल्या गाडीची वाट बघतोय. मी झेंडा वर धरला, कारण दुसरा मोठा घोळका यायचा होता.

आणि वळून बघते तर आत्ती पायरी उतरून त्याच्यासमोर. एका हातात भाकरीचा तुकडा, दुसऱ्यात तांब्या. दारात आलेल्याला ओवाळायचं ते ओवाळतायत! "आत्ती, नको! नको!" ओरडले मी, पण त्या गोंधळात काय ऐकू जाणार. तुकडा एका बाजूला टाकला आणि तांब्यातलं पाणी सवयीनं दुसऱ्या बाजूला. बाजू म्हणजे आता रस्ता. वळणाच्या ऐन तोंडावर.

मी पळाले. डोक्याची ओढणी सोडली आणि गुडघ्यावर बसून पुसायला लागले. आत्तींच्या तेवढ्यात ध्यानात आलं. "आगं बया!" म्हणून त्याही खाली बसल्या, आणि इरकलाच्या पदरानं डांबर पुसायला लागल्या. जरीचा पदर! तो पोरगा सायकल धरून आमच्याकडे बघतोय. मोहोळाचा आवाज वळणापलीकडून यायला लागला. मी आत्तींना दंडाला धरून पायरीवर ओढलं, तो पोरगाही भिंतीला चिकटला, आणि मी शिट्टी मारली. अशी मारली की फुप्फुस फाटेल.

गेले. सगळे गेले. कोणी घसरलं नाही.

त्याची गाडी आली, चाक बदललं, मागून ढकललं. जाता जाता आत्तींकडे बघून एक हात छातीला लावला त्यानं. लोकांनी त्याच्यासाठी पहिल्या नंबरापेक्षा जास्त टाळ्या वाजवल्या. आत्ती पायरीवर बसूनच होत्या, पदर काळा, हात काळे. म्हणाल्या, "मी पाडलं आसतं गं त्यास्नी." मी त्यांना मिठी मारली. इतक्या वर्षांत पहिल्यांदा.

२१ डिसेंबर
शिकवणाऱ्यांचा फोन. वळणावर पाणी कसं आलं म्हणून मोटारसायकलवाल्यानं कळवलं होतं. खरं ते सांगितलं. म्हणाले, मॅडम, असं परत नको. मग हसू आलं त्यांना, आवाजावरून कळलं.

इरकलाचा डाग रॉकेलनं निघेना. आत्ती म्हणतात, राहूंदे.

शहर हळूहळू जागेवर येतंय. भजीवाला चौकात परतला. गुरंही परतली. आमच्या गावात बॅनर एकही उरला नाही, सगळे भाताच्या गंजीवर झाकायला गेले. रस्ता मात्र आहे. आणि त्यावर आता गाड्या अशा सुटतात की पायरी उतरायची भीती वाटते.

३० डिसेंबर
कॉलेजातून आले तर पुढच्या सोप्याच्या बाजूच्या भिंतीवर लाल रंगाची रेघ. मापं घेणारे येऊन गेले. शर्यत पुढच्या वर्षी परत येणार म्हणे, आणखी मोठी, आणि वळण सरळ करायचं. रेघ खिडकीच्या मधोमध आहे. तिच्या रस्त्याकडचं सगळं जाणार, म्हणजे आत्ती झोपतात ती जागा.

सं. तापला. म्हणतो, सह्या गोळा करून शर्यतच बंद पाडू. आणि मला काय वाटलं? आधी वाटलं, परत येणार! रेघेचं त्यानंतर मनात आलं. असंच झालं, खोटं कशाला लिहू.

२ जानेवारी
खेळाच्या सरांनी विचारलं, पुढच्या वर्षी वळणावर तुम्हीच ना? बघते म्हटलं.

उद्या पंचायतीत बैठक. निम्मं गाव शर्यत हवी म्हणणारं, निम्मं नको म्हणणारं. आत्ती संध्याकाळी तांदूळ निवडत होत्या. न बघताच म्हणाल्या, "उद्या तू बोल. संज्या नगं, त्यो भांडंल."

"काय बोलू?"

"शर्यत येऊंदे म्हण."

"आणि भिंत?"

"भित्त मिळायची न्हाय म्हण."

"दोन्ही कसं जमेल, आत्ती?"

"ते त्यांनी बघायचं. मोठी मोठी मशिनं आणत्यात न्हवं? तू दोन्ही म्हण."

मलाही दोन्ही हवंय. शर्यत हवी आणि भिंतही हवी. सकाळी अकराला बैठक आहे. उठून उभी राहिले की आधी काय म्हणायचं, ते अजून ठरत नाही.