संकष्टीला बांगडा

आये, दाराआड उभी राहून काय मिळवलंस तू? चुलीपुढे तर तुझं तोंड कसं चालायचं, आणि पडवीत बाबांसमोर एक शब्द फुटू नये? तुला जाऊन इतकी वर्षं झाली, मीही पन्नाशीला टेकले, आता उकरून काय उपयोग, ते मलाही कळतं. पण आज सकाळी एका मेल्या बांगड्यानं सगळं परत वर काढलं.

रत्नागिरीत मी डबे करून देते. तुला ठाऊक नाही, तू त्याआधीच गेलीस. गिऱ्हाइकांना रोज सकाळी मोबाईलवर बेत कळवायचा असतो. ते काम तुझ्या नातीनं याच महिन्यात कॉम्प्युटरला लावून दिलंय. पायथन म्हणून एक भाषा आहे, तिच्यात ओळी लिहायच्या की ते आपलं आपण चालतं. सगळ्यात वर त्या वाराचा बेत लिहिलेला, बुधवार म्हणजे बांगड्याचं तिखलं. खाली एक वेगळा कप्पा, फंक्शन म्हणतात त्याला. तो तिथी बघतो आणि संकष्टी-एकादशी असली की बेत बदलून वरीचे तांदूळ नि दाण्याची आमटी करतो. आज संकष्टी. मी उठल्या उठल्या वरी धुऊन ठेवलेली. आणि सगळ्यांच्या मोबाईलवर गेलं काय, तर बांगडा! लागले फोन यायला. एक जण म्हणतो, "मावशी, बाप्पाला विचारलंत का, चालतो म्हणून?" तो निदान हसला तरी. एका बाईनं डबाच बंद केला.

पोरीला हाक मारली. "तुझ्या त्या यंत्राला देवधर्म काही आहे की नाही गो?" ती हसली नाही, कॉम्प्युटरवरच्या ओळी बघत बसली. कप्प्याच्या आत बेत काय आहे ते पडद्यावर छापून बघितलं, तर वरी. कप्प्याच्या बाहेर छापलं, तर बांगडा. मी म्हटलं, "आत बदललाय ना? मग बाहेर का नाही?" तर म्हणते, "आई, आत बदललं की ते आतल्यापुरतंच. नाव तेच, पण ते आतलं वेगळं. कप्प्याचं काम संपलं की तेही संपलं, बाहेरच्याला धक्कासुद्धा लागत नाही. बाहेरचं बदलायचं तर आतून तसं सांगावं लागतं, ग्लोबल म्हणून. म्हणजे मी म्हणतेय ते बाहेरच्याबद्दल." तिनं ती ओळ घातली. तरी चालेना, लाल अक्षरांत भांडायलाच लागलं. ओळ बदलाच्या खाली घातली होती म्हणे. "आधी सांगायचं, मग बदलायचं. उलट केलं तर ऐकतच नाही ते," म्हणाली नि ओळ वर नेली. मग बाहेरही वरी आली. मी दाणे भाजत होते. दाणे करपले.

मंडणगडाकडचं आपलं घर दिसायला लागलं मला. मी चौथी पास झालेय. गुरुजी पडवीत बसलेत, बाबांशी बोलतायत. तू आत चहा गाळत मला म्हणतेस, "तू जा गो साळंत. मी हाय ना." मी खूश. कपबशी घेऊन बाहेर येते, तर गुरुजी म्हणतायत, "पोर हुशार आहे, पुढं शिकवा. वहिनींचं काय म्हणणं?" बाबा म्हणतात, "ती काय म्हणणार? घरात हात कमी पडतात." मी दाराकडे बघितलं, आये. तुझी काकणं वाजली. तुझं तेवढंच बाहेर आलं. गुरुजी चहा संपवून गेले. मग तू मला जवळ घेतलंस, तेही चुलीपाशीच.

आता तुझ्या नातीला पुण्याला नोकरी लागलीय. हे मुंबईला असतात, त्यांचं म्हणणं नोकरी नको, स्थळं बघा. रविवारी येतायत, आले की तिला नकार कळवायला लावणार. मी पोरीला कधीच सांगून ठेवलंय, "जा तू. मी आहे ना." कुठे सांगितलं? ओट्यापाशी, डबे भरताना. आज बेत दुरुस्त झाल्यावर तिनं विचारलं, "बाबांशी बोललीस?" मी म्हटलं, "आधी तो नवा मेसेज पाठव." तिनं नुसतं माझ्याकडे बघितलं. मी त्या दिवशी दाराकडे बघितलं होतं तसंच.

मासळीवालीशी मी भांडते, गॅसवाल्याला सरळ करते, आख्खी आळी मला टरकून असते. आणि यांचा फोन आला की "जेवलात का?" याच्या पुढे माझी गाडी जात नाही. हे तुला म्हणून सांगतेय, पोरीला सांगायची नाही.

हा कागद कुठे पोस्टात पडायचा नाही, वरीच्या डब्याखाली राहील. पण मला एवढंच कळव. काकणं वाजली तेव्हा तू पुढं यायला निघाली होतीस, की मागं सरलीस? दोन्ही धरून बसलेय मी, थकले. यांची गाडी रविवारी सकाळी येते. मला शनिवारी संध्याकाळपर्यंत उत्तर पाहिजे.