पोळ्याच्या रंगातली ट्रॉली

प्रिय मित्र शांतवन यास,

गोरक्षचा मनापासून सलाम. सारावहिनी आणि कृपा खुशाल असतील. कृपाचा खोकला गेला का? (आमची मनकर्णा विचारते आहे, तिने पाठवलेला अडुळशाचा काढा पोरीच्या पोटात गेला की मोरीत?) इकडे सगळे मजेत. आबांची तब्येत उत्तम, आवाज त्याहून उत्तम.

तुला ठाऊक आहेच, सोमवारी साखर कारखान्याचा माणूस ट्रॉल्यांचे मागचे दिवे तपासणार आहे. दिवे बरोबर लागले तर आमची ट्रॉली या हंगामात उसाला लागेल. नाहीतर ती गोठ्यामागे उभी राहील आणि ऊस बैलगाडीनेच जाईल, असं आबांनी अख्ख्या गावाला सांगून ठेवलंय. माझी चेष्टा करायला एवढं निमित्त त्यांना पुष्कळ झालं. तेव्हाच मी ठरवलं की वायरिंग आपल्या हातानेच करायचं. तू सांगितलेले रंग मला तोंडपाठ होते : पिवळी वायर डाव्या सिग्नलला, हिरवी उजव्या, लाल ब्रेकला, तपकिरी मागच्या दिव्याला आणि पांढरी बॉडीला, म्हणजे अर्थिंगला.

पण शेवगावच्या दुकानात वायर मिळाली ती सगळी काळी. दुकानदार म्हणाला, करंटाला रंग दिसत नाही. (माणूस वाईट नाही, पण शास्त्र कच्चं.) मी हार मानणारा नव्हे. बैलांच्या शिंगांना लावलेले पोळ्याचे रंग डब्यांत उरले होते, तपकिरीसाठी गेरू कालवला. सगळ्या वायरी पाइपातून ओवल्या, ट्रॅक्टरकडची टोकं मी रंगवली आणि ट्रॉलीकडची टोकं रंगवायला आबांना बसवलं. आबांनी इतकं मन लावून काम केलेलं मी पोळ्याशिवाय कधी पाहिलं नव्हतं.

मग रंगाला रंग जोडून मी ऐटीत ट्रॅक्टरवर बसलो. ब्रेक दाबला तर डावा सिग्नल पेटला. डावीकडचं बटण दाबलं तर मागचा दिवा उघडझाप करायला लागला, आणि उजवीकडचं दाबल्यावर फ्यूजच उडाला. मनकर्णा पदर तोंडाला लावून घरात गेली. आबांना विचारलं, कोणती वायर कोणती हे कसं ओळखलंत? ते म्हणाले, "वळखायचं काय त्यात? पाइपातून जशी आली तशी रंगवली. पैली हिरवी, उजव्या बैलाची. मग पिवळी, डाव्याची. पोळ्याला असंच असतं न्हवं?"

चूक कळली, म्हणजे काम सोपं झालं. रंग खरवडायचा, बॅटरीवर एकेक वायर तपासायची आणि पुन्हा रंगवायची. मी चाकू घेतला तर आबा आडवे. तोवर त्यांनी त्या टोकांना हळदकुंकू वाहून नारळ फोडला होता. म्हणाले, "पुजलेली शिंगं कुनी खरवडतं का?" आता वायरी ट्रॉलीत नुसत्या कडब्यासारख्या पडून आहेत आणि हात लावायची बंदी. खरं सांगतो, रडू यायचं बाकी होतं. पण सोमवारी दिवे लागणार, हा माझा शब्द आहे.

वडीलधाऱ्यांना माझा नमस्कार सांग.

तुझा,
गोरक्ष

ता. क. : तू काही करू नकोस. वायरी मीच जोडीन. तू फक्त आबांना खरवडायला परवानगी द्यायला सांग. तू पंपाची मोटर चालू करून दिलीस तेव्हापासून ते तुझंच ऐकतात.

ता. क. दुसरा : हे पत्र टपालाने आलेलं नाही. तू काम करतोस त्या नागापूरच्या कारखान्याच्या वॉचमनने आणून दिलं असेल. आम्ही ट्रॉलीसह फाटकाबाहेर उभे आहोत. सुट्टी होताच बाहेर ये, अंधारात परत जाता येणार नाही.

ता. क. शेवटचा : आबांनी आत्ता पत्र वाचून घेतलं. म्हणतात, "शांतवनला लिव्ह, रंग खरवडायला माजी ना न्हाई. फकस्त जोडनारा तू नसावास, गोरक्षा." तेव्हा ये, बाबा. निदान पक्कड धरायला तरी मला जवळ उभं राहू दे.